पाच फुटांच्या टाकीत कोण कोणाचा शेजारी?

“दादा, ५ बाय २ बाय २ चा टँक घेतोय, बाबांनी हो म्हटलंय. एक ऑस्कर, चार एंजल, सहा पिवळे आफ्रिकन, एक फ्लॉवरहॉर्न आणि काच साफ करायला दोन सकर. चालेल ना?”

सदरासाठी आलेला हा मेसेज. पाठवणारा वाचक इथे हैदराबादलाच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. असा प्रश्न दर एक-दोन महिन्यांनी येतोच. नावं थोडी मागेपुढे होतात, यादीचा स्वभाव तोच. टाकी मोठी घेतली की आवडलेलं सगळं त्यात मावेल, असा हिशेब असतो. मी त्याला तेव्हा एका ओळीत “नाही चालणार” असं कळवलं आणि सविस्तर सदरात लिहितो म्हणालो.

त्याच्या यादीतले सकर सोडले तर बाकीचे सगळे एकाच कुळातले आहेत, सिक्लिड कुळातले. आणि एका कुळातले आहेत म्हणूनच त्यांचं एकमेकांशी पटत नाही, भाऊबंदकीच म्हणा. या कुळात आजवर १,७०० हून जास्त जातींची नोंद झाली आहे. आफ्रिका, दक्षिण आणि मध्य अमेरिका, मादागास्कर आणि आपल्याकडे दक्षिण भारत व श्रीलंका इथे ते सापडतात. हो, आपल्याकडेही. गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात आणि केरळात करीमीन, तो सिक्लिडच. तुमच्यापैकी अनेकांनी रवा लावून तळलेला खाल्ला असेल, टाकीत पाहिला नसेल.

या सगळ्यांचा समान गुण म्हणजे पोरांची काळजी. बहुतेक मासे अंडी घालून मोकळे होतात. सिक्लिड जागा निवडतात, ती साफ करतात, अंड्यांवर पहारा देतात, काही जातींत तर आई तोंडात अंडी धरून तीन-तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते. हे बघण्यासाठीच सिक्लिड पाळायचे. पण पोरं सांभाळायची तर जागा राखायला लागते आणि जागा राखायची तर भांडायला लागतं. म्हणजे ज्या गुणासाठी आपण त्यांना घरी आणतो, त्याच गुणापायी ते शेजाऱ्याचे पंख फाडतात.

दुकानदार म्हणतो, “चालतं साहेब, आमच्याकडे सगळे एकत्रच आहेत.” तो खोटं बोलत नसतो. त्याच्या टाकीत सगळे दोन-दोन इंचांची पिल्लं असतात, दाटीवाटीत असतात आणि आठवड्याभरात विकले जातात. कोणाला जागा पकडायला वेळच मिळत नाही. नर्सरीतली मुलं एका गादीवर झोपतात, त्यावरून ती पुढे एका टू-बीएचकेत संसार करतील असं कोणी ठरवत नाही. मासा निवडताना दीड-दोन वर्षांनंतरचा मासा डोळ्यांपुढे ठेवायचा.

आधी टाकीचं बघू. ५ बाय २ बाय २ फूट म्हणजे २० घनफूट, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण ५६५ लिटर. दगड-वाळूची जागा सोडली तर प्रत्यक्षात ५०० च्या आसपास. काच, दगड, वाळू, स्टँड धरून हे सगळं पाऊण टनाच्या घरात जातं आणि ते वजन १० चौरस फुटांवर उभं राहतं. आपल्या घरांचे स्लॅब राहण्याच्या जागेत दर चौरस मीटरला २०० किलोच्या भाराचा हिशेब धरून डिझाइन केलेले असतात. तो भार सगळ्या खोलीभर धरलेला असतो, त्यामुळे टाकी ठेवली की लगेच काही होतं असं नाही; पण ती खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीला लागून, बीमच्या जवळ ठेवावी. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि इमारत जुनी असेल तर एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला जागा दाखवा. आपल्या प्रत्येक कुटुंबात एक तरी सिव्हिलवाला काका असतोच.

आता खरा मुद्दा: तुमच्या घरी पाणी कुठलं येतं? मासे निवडायची सुरुवात इथून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक उलटं करतात. मासा आणतात आणि मग त्याच्यासाठी पाणी बनवत बसतात. दहा लिटरच्या टाकीत ते जमतं. पाचशे लिटरमध्ये दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, म्हणजे जवळजवळ सव्वाशे लिटर. त्यासाठी आरओचं पाणी बनवायला गेलात तर तितकंच किंवा त्याहून जास्त पाणी मोरीत जाईल, आणि उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हे पटवून देणं अवघड आहे.

आपल्याकडे नळाला कृष्णा, गोदावरी, मांजरा यांचं पाणी येतं आणि बऱ्याच इमारतींत त्यात बोअरचं मिसळलेलं असतं. बोअरचं पाणी जड. ओळखायला सोपं: गीझरची कॉइल, किटलीचा तळ, बाथरूमचे नळ यांच्यावर पांढरा थर साचतो. तरी पीएच आणि जडपणा मोजायचं साधं टेस्ट किट घ्याच. पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून मग मोजा, ताज्या पाण्याचा आकडा फसवा येतो. गोव्याकडच्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी याच्या अगदी उलट, मऊ आणि जरासं आम्लधर्मी. तिथल्या तुमच्या मामेभावाला जे मासे सहज जमतात ते तुम्हाला इथे जमतीलच असं नाही.

हे कळलं की यादीचे आपोआप दोन भाग पडतात. पूर्व आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका या सरोवरांचं पाणी जड आणि अल्कधर्मी आहे. मलावीचा पीएच पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान, टांगानिकाचा त्याहून वर, नऊच्या आसपास. ऑस्कर, एंजल, डिस्कस हे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले. तिथलं पाणी मऊ, आम्लधर्मी, पालापाचोळ्यामुळे चहासारखं तपकिरी. आज दुकानात मिळणारे एंजल आणि ऑस्कर पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेले असतात, त्यामुळे मध्यम पाण्यात ते निभावून नेतात. आकडा तंतोतंत जुळण्यापेक्षा तो रोज तोच राहणं जास्त महत्त्वाचं. पण बोअरच्या साडेआठ पीएचमध्ये डिस्कस पाळायचा हट्ट करू नये.

जड पाण्याची एक बाजू दुकानात कोणी सांगत नाही. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. पीएच ७ ला त्याचा फारच छोटा भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ च्या वर गेला की हा भाग दहा पट किंवा त्याहून जास्त होतो. म्हणजे नवी टाकी, अर्धवट तयार झालेला फिल्टर आणि बोअरचं पाणी हे तिन्ही एकत्र आलं की मासे दोन दिवसांत वर येऊन श्वास घेऊ लागतात. फिल्टरमध्ये जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे थांबायचं.

आता आपण टाकी भरू. जड पाणी असेल तर माझी पहिली शिफारस मलावी.

मलावीचे मासे दोन स्वभावांचे असतात. एक म्हणजे बूना, हा तिथल्या टोंगा भाषेतला शब्द आहे, अर्थ खडकात राहणारे. पिवळा लॅबिडोक्रोमिस, म्हणजे दुकानातला ‘इलेक्ट्रिक यलो’, यातलाच. निळे-काळे पट्टेवाले डेमासोनी, सोलोसी, ऑरॅटस हेही यातले. हे चार-पाच इंचांचे, चपळ आणि कमालीचे भांडखोर. दुसरे म्हणजे पीकॉक आणि त्यांचे हॅप नातेवाईक, जे खडकाच्या कडेला आणि मोकळ्या पाण्यात फिरतात. ते रंगाने जास्त देखणे आणि तुलनेने शांत.

बूना टाकीचा नियम ऐकून पहिल्यांदा सगळे चक्रावतात: भांडणं कमी करायला मासे वाढवायचे. चार मासे ठेवलेत तर सर्वांत दांडगा नर एकालाच धरून मरेपर्यंत पिडतो. पंचवीस-तीस असतील तर राग सगळ्यांत वाटला जातो, कोणा एकाची जागा पक्की होत नाही. ट्रॅफिकमध्ये सगळेच अडकलेले असले की कोणी कोणाशी उतरून भांडत नाही, तसं काहीसं. पाच फुटी टाकीत चार-पाच जातींचे मिळून पंचवीस-तीस बूना चालतात, प्रत्येक जातीत एका नराला तीन-चार माद्या. इतक्या माशांना फिल्टरही तसाच तगडा लागतो, शक्यतो दोन. डेमासोनी आपसात इतके भांडतात की ठेवायचे तर बारा-पंधरांचा जथा, नाहीतर ठेवूच नयेत. ऑरॅटस दिसायला सोन्यासारखा असतो, पण पहिल्याच टाकीत घेऊ नका. मोठा झालेला नर काळा पडतो आणि सगळ्या टाकीवर राज्य करतो.

जाती निवडताना एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन जाती टाळा. दोन निळे पट्टेवाले एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. आणि दुसरं, त्यांच्यात संकर होतो. मग होणारी पिल्लं ना या जातीची ना त्या जातीची, आणि तुम्ही ती कौतुकाने मित्रांना वाटता.

दगड रचताना मोठे दगड आधी थेट तळाच्या काचेवर, खाली थर्माकोलची पातळ शीट घालून, आणि मग वाळू. वाळूवर दगड ठेवलेत तर मासे खालून उकरतात आणि रचना कोसळते. दगडांत आरपार जाणाऱ्या कपारी हव्यात. एका तोंडाची गुहा म्हणजे मार खाणाऱ्या माशासाठी सापळा.

खाण्याचंही पथ्य आहे. बहुतेक बूना खडकावरचं शेवाळ खरवडून खातात, आतडं लांब असतं. त्यांना रोज मांसल, प्रथिनयुक्त खाणं दिलं की पोट फुगण्याचा आजार होतो आणि तो बहुधा जीव घेतो. स्पिरुलिनाच्या गोळ्या, उकडलेला पालक, मटार असं द्यावं. घरातल्या आज्यांना हे मासे म्हणूनच आवडतात. पीकॉक मात्र कीटक आणि बारीक जीव खाणारे. दोघांचं पथ्य वेगळं, स्वभाव वेगळा, म्हणून मी बूना आणि पीकॉक एकत्र ठेवत नाही. अपवाद पिवळ्या लॅबिडोक्रोमिसचा. तो बूनांत सगळ्यांत सौम्य, खाण्यातही शेवाळावर अडून नसलेला, पीकॉकबरोबर सुखाने राहतो. माझ्याकडे चार वर्षं हीच जोडी आहे: पीकॉकचे फक्त नर, प्रत्येक वेगळ्या रंगाचा, आणि सोबत पिवळे. माद्या नसल्या की नर नुसतीच ऐट करत फिरतात.

सोबतीला तळाशी सिनोडॉन्टिस कॅटफिश छान जमतात, आफ्रिकेतलेच आहेत आणि मार खाऊन घेत नाहीत. यातल्या ठिपकेवाल्या मल्टिपंक्टाटसची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा टांगानिकाचा. सिक्लिडची मादी अंडी घालून ती तोंडात उचलत असते, त्या गडबडीत हे कॅटफिश मध्ये घुसतात आणि आपली अंडी टाकून जातात. मादी तीही उचलते. कॅटफिशची पिल्लं आधी बाहेर येतात आणि तिच्या तोंडातच तिची पिल्लं खाऊन मोठी होतात. कावळ्याच्या घरट्यातली कोकिळा आपण शाळेत शिकलो, ही तिच्याही पुढची. त्याला कुकू कॅटफिशच म्हणतात आणि मलावीच्या माशांनाही तो टाकीत असाच फसवतो.

टांगानिकाची स्वतंत्र टाकी हा नंतरचा अभ्यास. त्यातल्या ब्रिचार्डीबद्दल इतकंच सांगतो की तिथे खरं एकत्र कुटुंब असतं: आधीच्या वेतांची मोठी भावंडं घर न सोडता धाकट्यांची राखण करतात. पाहायला फार सुंदर. पण एकदा जोडी जमली की हे कुटुंब दर महिन्या-दोन महिन्यांनी वाढतं आणि बाकीच्या माशांना कोपऱ्यात ढकलतं, म्हणून त्यांना वेगळी टाकीच द्यावी.

तुमच्याकडे फक्त नदीचं, बऱ्यापैकी मऊ पाणी येत असेल तर अॅमेझॉनची टाकी करा. पाच-सहा एंजल, सेव्हरमची एक जोडी, चार-पाच जिओफेगस. जिओफेगस तोंडात वाळू घेऊन गिल्समधून चाळत राहतात, तासन्‌तास बघावं. म्हणून त्यांना बारीक वाळू हवी, टोकदार खडी नको. इलेक्ट्रिक ब्लू अकारा हाही इथला गुणी मासा, सहा इंचांचा, निळा आणि सिक्लिडच्या मानाने सज्जन. वर फिरायला टेट्रांचा थवा हवा, पण निऑन नको. मोठा झालेला एंजल निऑनला खाणं समजतो. टायगर बार्बही नको, तो एंजलचे लांब पंख कुरतडतो. काँगो टेट्रा उत्तम. तो आफ्रिकेचा असूनही इथे चालतो, कारण काँगो नदीचं पाणी मऊ आहे. खंड बघू नये, नदी बघावी, ते यासाठी.

याच टाकीत आपल्या सह्याद्रीचाही एक पाहुणा जमतो. लाल-काळ्या पट्ट्याचा डेनिसन बार्ब, दुकानातला ‘मिस केरळ’. केरळ आणि कर्नाटकातल्या मोजक्या नद्यांतला हा मासा, आणि २०१३ पासून त्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नावच सह्याद्रिया आहे. शोभेसाठी नद्यांतून इतके पकडले गेले की तो आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. म्हणून घेताना हॅचरीत वाढवलेलाच घ्या, विचारून घ्या. सहाच्या खाली घेऊ नका, आणि त्याला वाहतं, गार पाणी आवडतं हे लक्षात ठेवा. डिस्कसच्या २९-३० अंशांत त्याचे हाल होतात.

आता ऑस्कर. हा मासा कमी आणि कुत्रा जास्त आहे. माणूस ओळखतो, खाऊ मागतो, रुसतो, तुम्ही लावलेली झाडं उपटतो, हीटर ढकलतो. पहिल्या वर्षी महिन्याला जवळजवळ इंचाने वाढतो आणि शेवटी बारा-तेरा इंचांचा होतो. तोंडात मावणारा प्रत्येक मासा त्याच्यासाठी जेवण आहे. त्याच्याबरोबर मोठे झालेले एंजलही एक दिवस सकाळी मोजायला कमी भरतात. पाच फुटी टाकीत दोन ऑस्कर आणि सोबत सहा-सात सिल्व्हर डॉलर, एवढ्यावर थांबावं. सिल्व्हर डॉलर ताटलीसारखे रुंद असतात, गिळता येत नाहीत, आणि त्यांचा थवा समोर निर्धास्त फिरत असला की ऑस्करही निवांत होतो. जिवंत गोल्डफिश खायला घालणारे व्हिडिओ बघून तसं करू नका. त्यातून रोग येतात आणि गोल्डफिशच्या मांसात बी-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारा घटक असतो. चांगल्या गोळ्या, अधूनमधून कोळंबी, बस.

फ्लॉवरहॉर्नबद्दल थोडक्यात. तो कुठल्याच नदीतला नाही, मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडच्या संकरातून १९९० च्या दशकात मलेशियात तयार केलेला. कपाळावरचा उंचवटा शुभ, अंगावरच्या काळ्या खुणांत आकडे दिसतात, नशीब उघडतं वगैरे ज्याची त्याची श्रद्धा. टाकीत मात्र तो एकटा. मादीसुद्धा सोबत टिकेल याची खात्री नाही. ज्याला फ्लॉवरहॉर्नच हवा आहे त्याने तीन-चार फुटी वेगळी टाकी करावी आणि त्याच्यात दुसरं काही टाकू नये.

आणि ते दोन सकर. दुकानात दोन इंचांचा ‘क्लीनर’ म्हणून मिळणारा सकर दीड फुटाचा होऊ शकतो. मोठा झाल्यावर काच साफ करणं दूरच, तो जेवढं खातो त्याहून जास्त घाण करतो, आणि रात्री झोपलेल्या चपट्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा चिकट थर खरवडतो. शेवाळासाठी ब्रिसलनोज घ्या, पाच-सहा इंचांवर थांबतो. आणि काच पुसायला लोहचुंबकाचा ब्रश मिळतो.

कालुंदरचं राहिलं. तो खाडीचा मासा, थोड्या मचूळ, जड पाण्यात खुलतो. त्याचा धाकटा चुलत भाऊ ऑरेंज क्रोमाइड, तीन इंचांचा, हळद लावल्यासारखा पिवळा. निसर्गात हे दोघे एकत्र राहतात आणि धाकटा मोठ्याच्या अंगावरचे परजीवी टिपून काढतो, संधी मिळाली तर त्याची अंडीही खातो. असे संबंध आपल्याला काही नवे नाहीत. कालुंदर आठ-दहा इंचांचा होतो, लाजाळू असतो, म्हणून पाच-सहा जणांच्या गटात ठेवावा. पाच फुटी टाकीत फक्त हे दोन आपले सिक्लिड, एवढीच टाकी कोणी केली तर मला पाहायला आवडेल. नातेवाईकांना “हा कुठला?” म्हणून दाखवताना मजा येईल ती वेगळीच.

आमच्या वाचकाने पाणी मोजून कळवलं. बोअर, पीएच ८.२, भरपूर जड. म्हणजे त्याच्या यादीतले सहा पिवळे राहिले, बाकी सगळं बदललं. त्याला ऑस्कर सोडवत नव्हता. तेव्हा मी त्याला पाण्याव्यतिरिक्त एक गोष्ट विचारली, जी या सदराच्या सगळ्याच तरुण वाचकांना विचारायची आहे: तू घरी अजून किती वर्षं आहेस?

ऑस्कर दहा ते पंधरा वर्षं जगतो. मुलगा दोन वर्षांनी नोकरीला बंगळुरूला, पुण्याला जाईल किंवा एमएसला बाहेर. मासा इथेच. दर रविवारी सव्वाशे लिटर पाणी काढणं आणि भरणं हे मग आई-बाबांकडे येतं. आपल्या आयांना मासे नकोसे नसतात, उलट त्यांना त्यांचा लळा लागतो, दुपारी फोनवर बोलताना त्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसतात. पण पंधरा लिटरच्या आठ-नऊ बादल्या आणि साठीचे गुडघे हे गणित जमत नाही. तुम्ही व्हिडिओ कॉलवर मासे बघता आणि पलीकडे कोणीतरी बादली उचलतं.

बूना आणि पीकॉकही सहा-आठ वर्षं सहज जगतात, एंजलही. यातला लवकर संपणारा असा कोणी नाही. म्हणून दोन-तीन वर्षांत घर सोडायचं असेल तर मासे कमी ठेवा. पीकॉक आणि पिवळे मिळून बारा-चौदा असले तर पाचशे लिटरमध्ये पाणी बदलणं थोडं लांबलं तरी निभतं. तीस बूना किंवा दोन ऑस्करना ती सवलत नाही. मोरीपर्यंत पोहोचेल असा पाइप आणि नळापासून टाकीपर्यंत दुसरा, एवढी सोय पहिल्या दिवशीच करा, म्हणजे बादली उचलायचीच नाही. क्लोरीन घालवायचं औषध किती टाकायचं ते बाटलीवर मराठीत लिहून चिकटवा. आणि टाकी घेण्याआधी घरात विचारा, “मी गेल्यावर हे कोण करणार?” आमच्या वाचकाने विचारलं. आईने ऑस्करला नाही सांगितलं, पिवळ्यांना हो.

घरी ठेवणं अशक्यच झालं तर दुकानदार किंवा एखादा मासे पाळणारा मित्र बघा, पण हुसेनसागरात, विहिरीत, गणपती विसर्जनाच्या तलावात मासे सोडू नका. तिलापिया हाही आफ्रिकेचा सिक्लिडच. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला आणि आज देशभरातल्या तलावांत, धरणांत स्थानिक माशांची जागा अडवून बसला आहे. उजनीवर तो ‘चिलापी’ म्हणून टोपल्या भरभरून विकला जातो. सकरही आता आपल्या तलावांत जाळ्यात सापडू लागले आहेत, आणि ते तर कोणी खातही नाही.

शेवटी मासे सोडायचा क्रम. शांत आधी, दांडगे शेवटी. जो आधी येतो तो जागा पकडतो. सगळे एकाच वयाचे, अडीच-तीन इंचांचे घ्या. एकदम सगळे न सोडता तीन हप्त्यांत, दोन हप्त्यांमध्ये पंधरा दिवस. नवे सोडताना दगडांची जागा बदला, म्हणजे जुन्यांचे हक्क पुसले जातात आणि सगळेच नव्याने घर शोधतात. दिवा त्या दिवशी बंद ठेवा. पुढचे चार दिवस जेवणाच्या वेळी प्रत्येक मासा मोजा. जो वरच्या कोपऱ्यात, हीटरमागे उभा आहे, शेपटी फाटली आहे आणि खायला येत नाही, त्याला त्याच दिवशी काढायचं. “जुळवून घेतील” म्हणून वाट बघायची नाही. त्यासाठी एक दोन फुटी रिकामी टाकी आणि मोठ्या टाकीच्या फिल्टरमध्येच भिजत ठेवलेला एक जास्तीचा स्पंज हाताशी असू द्या.

पुढच्या महिन्यात एप्रिल-मेचा विषय: पाणी ३२ अंशांवर गेल्यावर आणि त्यात दुपारी तीन तास लाईट गेल्यावर काय करायचं. तुमच्या घरचे उपाय तोवर कळवा. बर्फाच्या बाटल्या टाकणाऱ्यांनी आधी कळवा.